निऑनला ऊन द्या, ताप देऊ नका

आमच्या वसमतच्या जुन्या घराला माळवद होतं. होळी सरली की माय त्यावर बाज टाकून कुरडया घालायची आणि कावळे हाकायला मला बसवायची. एका वर्षी उरक दाखवावा म्हणून मी कुरडया एकीला एक चिकटवून घातल्या. दिवसभर कडक ऊन, तरी संध्याकाळी उलटून बघते तर खालून सगळ्या ओल्या. माय म्हणाली, "ऊन तेवढंच हाय की गं. दाटी तू केलीस."

पुढं मी भौतिकशास्त्र शिकले, पाच वर्षं एका लेसर प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या कामात घालवली, आणि आता एम.एस्सी.च्या पोरांना शिकवते. दर वर्षी प्रकल्पाच्या वेळी कुणीतरी येऊन विचारतं, "मॅडम, कृष्णविवराशेजारचा प्लाझ्मा प्रयोगशाळेत करतात म्हणे, तो कसा करायचा?" प्लाझ्मा म्हणजे ज्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेत असा वायू. मी मायचं वाक्य सांगते. ऊन किती, भागिले दाटी किती. पण एवढ्यावर प्रकल्प होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. लेसर तुमच्याकडं नसणार, माझ्याकडंही नाही. पण प्रयोग आखायला कागद, गणकयंत्र आणि थोडी चिकाटी पुरते. आखणी नीट असली तर लेसरवाले दारात उभं करतात, नसली तर पत्राला उत्तरही येत नाही.

आधी कशाची नक्कल करायची ते पक्कं करा. ट्यूबलाइट, वेल्डिंगची ठिणगी, वीज ह्या सगळ्यांत इलेक्ट्रॉन अणूंना धडका देतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन उडवतात. तिथं तापमान वाढलं की आयनीभवन, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून अणूचा आयन होणं, वाढतं. दाट, समतोल साधलेल्या प्लाझ्म्यासाठी मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण तुम्ही पाठ केलेलं आहे. ते इथं चालत नाही. प्रश्नपत्रिकेत 'प्लाझ्मा' शब्द दिसला की साहा समीकरण लावायची आमच्या पोरांना सवय आहे, ती या कामापुरती खुंटीला टांगून ठेवा. कृष्णविवराच्या किंवा न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीदाराकडून ओढला जाणारा वायू दुरून येणाऱ्या क्ष-किरणांनी सोलला जातो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, येतो, आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन काढून नेतो. अणू भरपूर सोललेला, पण भोवतालचे इलेक्ट्रॉन मात्र थंड, अशी ती विचित्र अवस्था. पौषात परभणीच्या शिवारात सकाळी उभं राहून बघा. हवा हाडं गोठवते आणि उन्हाकडची पाठ चांगली भाजते. हवेचं तापमान मोजून उन्हाचा जोर कळत नाही. धडकांनीच निऑनचे, म्हणजे आपण प्रयोगात वापरणार त्या वायूचे, आठ इलेक्ट्रॉन काढायचे तर साधारण १५ लाख अंश तापमान लागतं. क्ष-किरणांनी काढले तर त्याच्या कितीतरी खाली भागतं.

(आमच्याकडून तासाभराच्या आत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, तिला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळं हल्ली लग्नकार्यातसुद्धा मला कृष्णविवराबद्दल विचारतात. लायगो दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशात उठणारी लहर पकडते. आपण बोलतोय ते कृष्णविवरात पडण्याआधी चमकणाऱ्या वायूबद्दल. गाव एक, वाडे वेगळे.)

आता गणित. टार्टर, टकर आणि साल्पीटर यांनी १९६९ मध्ये एक राशी मांडली, तिला ग्रीक अक्षर झाय वापरतात. मायचंच वाक्य, ऊन भागिले दाटी.

झाय = स्रोताचं तेज ÷ (इलेक्ट्रॉनांची घनता × अंतर × अंतर)

तेज अर्ग (ऊर्जेचं छोटं एकक) प्रति सेकंदात, घनता दर घनसेंटीमीटरला किती ती, अंतर सेंटीमीटरमध्ये. खाली १०^१८ असं लिहिलं की एकावर अठरा शून्यं समजा, आणि वरच्या आकड्याला उणे चिन्ह असलं तर तेवढ्या शून्यांच्या संख्येनं भागलेलं.

आकाशातलं उदाहरण घ्या. एखाद्या जोडताऱ्याचं क्ष-किरणांतलं तेज १०^३८, वायू स्रोतापासून १०^१२ सेंटीमीटरवर म्हणजे एक कोटी किलोमीटरवर, घनता १०^११. झाय आला १०००. आता प्रयोगशाळा. लेसर १ किलोज्यूलचा, स्पंद, म्हणजे त्याचा एक झोत, १ नॅनोसेकंदाचा (सेकंदाचा अब्जावा भाग). एक किलोज्यूल म्हणजे फार काही नाही, कपभर पाणी त्यानं जेमतेम अडीच अंश तापेल. पण ती ऊर्जा नॅनोसेकंदात दिली की तेवढ्या वेळापुरती हजार मेगावॅटच्या हजार वीजकेंद्रांइतकी शक्ती होते. हा लेसर धातूवर मारून क्ष-किरण काढायचे, तोच आपला स्रोत. ऊर्जेचा पाचवा हिस्सा क्ष-किरणांत गेला असं धरू. २०० ज्यूल भागिले १ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला २ × १०^१८ अर्ग. वायू २ मिलिमीटरवर, इलेक्ट्रॉनांची घनता १०^१८. झाय आला ५०.

तेज वीस घरं खाली आलं, घनता सात घरं वर गेली, आणि तरी झाय फार पडला नाही, कारण अंतराचा वर्ग पंचवीस घरं खाली उतरला. सगळी मेहरबानी त्या वर्गाची. म्हणून या प्रयोगात मिलिमीटरला जपायचं.

इथं दर वर्षी एकच चूक होते. मागं उदगीरच्या एका पोरानं झाय ५० काढून आणला, मांडणी सुरेख, अक्षर मोत्यासारखं. मी विचारलं, "घनता कोणाची घेतलीस?" तो म्हणाला, "वायूची." वायूची म्हणजे अणूंची. निऑनचे आठ इलेक्ट्रॉन सुटले की एका अणूमागं आठ इलेक्ट्रॉन होतात, झाय आठपट खाली येतो, ५० चा सहा होतो. उलटीकडून यायचं. इलेक्ट्रॉन १०^१८ हवेत, तर अणू १.२५ × १०^१७. खोलीच्या तापमानाला हा दाब भरतो साधारण ५ मिलिबार. एवढा विरळ वायू ठेवायचा आहे हे त्या क्षणी अंगावर येतं.

झाय जमला म्हणून नाचू नका, घड्याळ बघा. ह्या पायरीवर निम्मे प्रस्ताव पडतात. आकाशातल्या वायूला उन्हात बसायला वेळच वेळ असतो, आपल्या निऑनला नॅनोसेकंद. एका अणूला फोटॉन लागायला किती वेळ लागतो ते काढा. २ मिलिमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ४ × १०^१८ अर्ग प्रति सेकंद पोचतात. सगळे फोटॉन १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे धरले (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप; ढोबळच, पण चालेल) तर सेकंदाला २.५ × १०^२७ फोटॉन. निऑनच्या सर्वांत आतल्या कक्षेचा छेद, म्हणजे फोटॉनला लागायला मिळणारं क्षेत्रफळ, साधारण ३.५ × १०^-१९ चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा. दर अणूला सरासरी १.१ नॅनोसेकंदात एक फोटॉन, आणि स्पंदच मुळी १ नॅनोसेकंदाचा! झाय म्हणतो आठ इलेक्ट्रॉन निघतील, घड्याळ म्हणतं पहिला निघेपर्यंत दिवा विझेल. खरं तर आतला एक निघाला की ऑगर प्रक्रियेत बाहेरचा आणखी एक सुटतो आणि मवाळ, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण बाहेरच्या कक्षा आधीच सोलत असतात, त्यामुळं स्थिती वाटते तितकी वाईट नसते. पण स्थिर समतोल आला असं लिहायची हिंमत करू नका.

यावर दोन उपाय. पहिला, जवळ जा. अंतर निम्मं म्हणजे १ मिलिमीटर केलं की फोटॉन चौपट येतात, वेळ ०.२८ नॅनोसेकंदावर येते. वर घनताही चौपट करता येते, तरी झाय ५० च राहतो. अणू ५ × १०^१७, दाब २० मिलिबार. वायू दाट झाला की वर्णपटात, म्हणजे क्ष-किरण ऊर्जेनुसार पसरवलेल्या पट्टीत, दिसतोही चांगला. दुसरा उपाय, दिवा जास्त वेळ पेटता ठेवा. अमेरिकेत रोचेस्टरच्या ओमेगा ईपी लेसरवर तांब्याच्या तीन छोट्या पोकळ्या ओळीनं ठेवून एकामागून एक पेटवतात, प्रत्येक १० नॅनोसेकंद, म्हणजे मिळून ३० नॅनोसेकंदांचं ऊन. मला ही कल्पना फार आवडते. मोठा लेसर मागण्याऐवजी आहे तो पुरवून वापरला.

फार जवळ गेलं तर काय होतं तेही बघा. क्ष-किरण मिलिमीटरभर अंतर तीन-चार पिकोसेकंदांत कापतात. स्रोताचा स्वतःचा तप्त प्लाझ्मा मागून सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटर वेगानं फुगत येतो, म्हणजे नॅनोसेकंदाला ०.२ ते ०.३ मिलिमीटर. १ मिलिमीटरवर तुम्हाला तीनएक नॅनोसेकंद निवांत मिळतात. अर्ध्या मिलिमीटरवर गेलात तर ऊन द्यायला बसलेला शेजारी निखारे घेऊन दारात आलेला असतो. मग जे दिसेल ते धडकांचं, फोटॉनचं नाही.

स्रोत कोणता घ्यायचा? सर्वांगीण ऊन हवं असेल तर सोनं. सोन्याच्या क्ष-किरण रेषा, म्हणजे ठराविक ऊर्जांवरची चमक, इतक्या गर्दीनं येतात की जवळजवळ सलग पट्टा वाटतो. पातळ पत्र्यावर एका बाजूनं लेसर मारायचा आणि वायू दुसऱ्या बाजूला ठेवायचा, म्हणजे न शोषला गेलेला लेसर थेट वायूत शिरत नाही. पत्रा एवढा पातळ नको की स्पंद संपायच्या आत लेसर आरपार जाईल. लेसर मूळ १०५३ नॅनोमीटरचा असतो, त्याचे स्फटिकातून ५२७ किंवा ३५१ करून घ्या. ऊर्जा थोडी जाते, पण आखूड तरंगलांबीला क्ष-किरण जास्त मिळतात आणि उनाड वेगवान इलेक्ट्रॉन कमी होतात. हे वेगवान इलेक्ट्रॉन वायूत घुसून धडकांनी आयनीभवन करतात आणि तुम्ही भाबडेपणानं ते फोटॉनच्या नावावर जमा करता.

एकाच ठिकाणी नेमका घाव घालायचा असेल तर रेषांचा स्रोत. बेलफास्टच्या गटानं २०१८ मध्ये कथिलाचा लेसर-प्लाझ्मा वापरून आर्गॉनवर हे केलं. आर्गॉनच्या सर्वांत आतल्या कक्षेची पायरी, म्हणजे तिथला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, ३.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, कथिलाच्या रेषा तिच्या थोड्या वरच पडतात. झाय ५० च्या घरात मिळाला. त्यांनी प्रामाणिकपणे हेही लिहिलं की क्ष-किरणांचा जोर शिगेला पोचायच्या आधीच प्लाझ्म्यात धडकांचं राज्य सुरू होतं. अशी वाक्यं वाचायला शिका, त्यांत पुढचा प्रयोग दडलेला असतो.

तिसरी तऱ्हा जपानची. ओसाकाच्या गेक्को-१२ या बारा किरणांच्या लेसरनं प्लास्टिकची पोकळ गोळी चहूबाजूंनी चेपली. तिचा गाभा क्षणभर अर्ध्या किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या तापमानाला चमकला, जणू लहानगा न्यूट्रॉन तारा, आणि शेजारच्या सिलिकॉनवर ते ऊन पडलं. २००९ मध्ये आलेला तो वर्णपट सिग्नस एक्स-३ (हंस तारकासमूहातला) आणि व्हेला एक्स-१ या जोडताऱ्यांच्या चंद्रा दुर्बिणीनं घेतलेल्या वर्णपटासारखा दिसला. चंद्रा हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून, हे पोरांना सांगितलं की वर्ग जागा होतो.

न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेचं झेड यंत्र लेसरचं नाही, कोट्यवधी अँपिअर प्रवाहानं धातूच्या बारीक तारा चिरडून क्ष-किरण काढतं. पण या विषयात त्याला वगळता येत नाही. २०१७ मध्ये तिथल्या सिलिकॉनच्या मोजणीनं एक जुनी समजूत हलवली. काही आयनांच्या रेषा बाहेर येण्याआधीच ऑगर प्रक्रियेत विरून जातात असं खगोलवाले धरून चालले होते, आणि त्या रेषा प्रयोगात ठळक दिसल्या. मला विचाराल तर एवढ्या खटाटोपाचं कारण हेच. दुर्बिणीतून दिसणाऱ्या रेषेचा अर्थ आपण संगणकातल्या गणितावरून लावतो, आणि त्या गणिताला कुणीतरी एकदा तरी खऱ्या तराजूत घालायला पाहिजे.

आता हात काळे करायचं काम, वायूची डबी. आमच्या प्रयोगशाळेत तिला सेलच म्हणायचे. धातूचा छोटा ठोकळा, आत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पोकळी, समोर आणि मागं मायलारच्या (पातळ प्लास्टिकच्या) खिडक्या, एक-दोन मायक्रॉन जाडीच्या. क्ष-किरण आत यावेत म्हणून पातळ, वायू बाहेर पडू नये म्हणून अखंड. खिडकी चिकटवताना इपॉक्सी कडेला अगदी पातळ लावा. सुरकुती राहिली तर तिथूनच फाटते. स्वयंपाकघरातलं प्लास्टिक ताणून भांड्यावर लावायचा सराव मी पोरांकडून करून घेते, हसतात, पण हात बसतो.

चाचणीला दाबमापक महाग पडत असेल तर ठिबकची पारदर्शक नळी घ्या. २० मिलिबार म्हणजे पाण्याचा २० सेंटीमीटरचा स्तंभ. नळी इंग्रजी यू आकारात भिंतीला बांधा, शेजारी फूटपट्टी चिकटवा, एका टोकाला सेल जोडा, दुसऱ्या टोकाला पाणी चढवत जा. कामाच्या दाबाच्या दुप्पट म्हणजे ४० सेंटीमीटरवर रात्रभर सोडा. सकाळी पातळी उतरली असेल तर गळती आहे. घरी हा प्रयोग लावला तेव्हा माय विचारत होती, "काय करायलीस गं, इरिगेशन?" मी म्हटलं, "निऑनला पाणी पाजायले." ती हसली आणि जाता जाता म्हणाली, "नळीत हवेचा बुडबुडा हाय, आधी तो काढ." होता. तो राहिला असता तर सगळी मापं चुकली असती.

खिडकी फोडायचा माझा स्वतःचा अनुभव सांगते, म्हणजे तुमची वाचेल. पहिल्याच वर्षी सेल बसवला, निर्वात कक्षाचं, म्हणजे ज्या पेटीत प्रयोग होतो तिचं, झाकण लावलं, हवा काढणारा रोटरी पंप चालू केला. सेलमध्ये साधी हवा होती, वातावरणाच्या दाबाची, आणि त्याची झडप बंद. कक्षातली हवा निघत गेली, सेलमधली तिथंच. दाबमापकाचा काटा अर्ध्यावर यायच्या आत 'टप्' असा आवाज झाला. वीस मिलिबारसाठी केलेली खिडकी, तिच्यावर पाचशे आले. तीन आठवड्यांचं काम, आवाज मात्र लाही फुटल्यासारखा. तेव्हापासून सेल आणि कक्ष यांना जोडणारी एक बगलेची नळी मी चित्रात सर्वांत आधी काढते. दोन्हीतली हवा सोबत काढायची, कक्ष १०^-५ मिलिबारच्या खाली गेला की बगलेची झडप बंद करायची, मग सेलमध्ये निऑन सावकाश सोडायचा. हवा परत भरतानाही हाच क्रम उलटा. झडपांवर रंगीत चिंध्या बांधा. रात्री दोन वाजता कुणाला लेबल वाचता येत नाही.

आणखी एक, खिडकीही उन्हात बसलेली असते. तीही तापते, फुगते आणि कडेचा वायू दाबते. म्हणून मोजणीची रेषा खिडकीला चिकटून नको.

वर्णपटमापक. विरळ वायू स्वतः फार मंद चमकतो, म्हणून सुरुवातीला शोषण वर्णपट घ्या. मापक वायूतून आरपार स्रोताकडं बघेल असा ठेवा, वायूनं कुठल्या रेषा खाल्ल्या ते दिसेल. निऑनसाठी केएपी स्फटिक घ्या, तो क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगवेगळ्या कोनांत परतवतो. त्याच्या थरांतल्या अंतराची दुप्पट २६.६४ अँगस्ट्रॉम (अणूच्या मापाचं लांबीचं एकक). आठ इलेक्ट्रॉन गेलेल्या निऑनची मुख्य रेषा १३.४५ अँगस्ट्रॉमला, म्हणजे ९२२ इलेक्ट्रॉनव्होल्टला. ब्रॅगच्या नियमानं (थरांतलं अंतर आणि तरंगलांबी यांवरून कोन देणारा) कोन येतो ३०.३ अंश. त्याच मालिकेतली पुढची रेषा ११.५५ ला, कोन २५.७. दोन्ही एकाच पट्टीत बसतील असा स्फटिक कापून घ्या. मुख्य रेषा एवढी जोरात शोषते की तिचा तळ लागतो आणि मग किती आयन आहेत ते तिच्यावरून कळत नाही. पुढची, कमजोर रेषा ते सांगते. एकीवर भरवसा ठेवून मी एकदा आयनांची संख्या दहापट कमी काढली होती. सातशे-आठशे पोतीवाल्या शेतकऱ्याला सत्तर पोती लिहून देण्यासारखं झालं.

स्फटिकासमोर ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेलं प्लास्टिक लावा, दृश्य प्रकाश आणि लेसरचे विखुरलेले किरण अडतील. नोंद घ्यायला इमेज प्लेट स्वस्त आणि कणखर, पण तिचा एक हट्ट असतो. साध्या प्रकाशानं ती पुसली जाते. एका शॉटनंतर (शॉट म्हणजे लेसर एकदा मारणं) आमच्याकडं दिवे गेले, आणि मदतीला धावून आलेल्या सहकाऱ्यानं मोठ्या प्रेमानं मोबाइलचा टॉर्च लावला. बारा दिवसांची वाट बघून मिळालेला शॉट, निम्मी पट्टी कोरी. रागवायला तोंड उघडलं आणि आठवलं, प्लेट काढताना अंधार ठेवायचा असतो हे त्याला सांगायचं काम माझंच होतं. तेव्हा प्लेट काढण्याआधी खोलीतल्या सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या टेबलावर, अपवाद नाही. प्लेटवरची नोंद काळानुसार फिकी होत जाते, म्हणून शॉटनंतर दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी वाचन करा. पंधरा म्हणजे पंधरा. इमेज प्लेट कधी काय घडलं ते सांगत नाही, सगळा वेळ एकावर एक साठवते. नॅनोसेकंदाचे तुकडे पाडून बघायचे तर झटपट झडप असलेला क्ष-किरण कॅमेरा लागतो, आणि तो यजमान प्रयोगशाळेकडं मागायचा.

शॉट कुठल्या क्रमानं घ्यायचे यावर लोक वाद घालतात. माझा क्रम असा. पहिला रिकाम्या सेलवर, खिडक्या आहेत पण वायू नाही. त्यात दिसेल ती स्रोताची आणि खिडकीची करामत. दुसरा वायूसकट, पण स्रोत दूर सरकवून. झाय कमी, म्हणून रेषा बदलायला हव्यात. नाही बदलल्या तर काहीतरी दुसरंच आयनीभवन करतंय. मग खरे शॉट, दोन दाबांवर, आणि प्रत्येकाची एक तरी पुनरावृत्ती. प्रत्येक वेळी क्ष-किरणांचं तेज वेगळ्या शोधकानं मोजा, गाळण्या लावलेल्या डायोडांची रांग असली तर उत्तम. लेसरची ऊर्जा कागदावर सारखी दिसली तरी क्ष-किरण दर शॉटला वेगळे निघतात.

वर्णपट हाती आला की दुर्बिणीतल्या चित्राशी नुसत्या डोळ्यांनी जुळवू नका. एक सापळा मोठा आहे. खगोलवाले निऑनच्या १३.७० अँगस्ट्रॉमच्या निषिद्ध रेषेवरून घनता काढतात. ती रेषा विरळ वायूतच जगते. दर घनसेंटीमीटरला १०^१२ च्या आसपास इलेक्ट्रॉन झाले की धडकांनी ती मरायला लागते, आणि आपल्या सेलमध्ये १०^१८ आहेत. प्रयोगशाळेत त्या जागी काही दिसलंच तर ते दुसऱ्या आयनाचं असणार. ओसाकाच्या प्रयोगात सिलिकॉनबाबत चर्चा रंगली ती नेमकी याच जागी, १.८४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी. आकाशात निषिद्ध म्हणून ओळखली जाणारी रेषा, पण तिथल्या दाट प्लाझ्म्यात ती असण्याची सोय नाही. झाय सारखा झाला म्हणून सगळंच सारखं होत नाही.

पुढं उत्सर्जनाचा वर्णपट मिळाला तर ११९६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर एक उभी पायरी शोधा. थंड इलेक्ट्रॉन परत आयनात पडताना ती तयार होते. तिचा उतार जितका अरुंद तितके इलेक्ट्रॉन थंड. अरुंद पायरी आणि उच्च आयन दोन्ही सोबत दिसले तर ऊन लागलं, ताप चढला नाही.

संगणकावर क्लाउडी आणि एक्सस्टार ह्या दोन प्रणाली फुकट मिळतात. पहिली गॅरी फरलँड यांनी १९७८ पासून वाढवत आणलेली, दुसरी नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या टिम कॅलमन यांची. साध्या लॅपटॉपवर चालतात. वीज जायच्या आधी काम साठवत चला, बाकी काही लागत नाही. पण त्या आकाशासाठी लिहिल्या आहेत, विरळ वायू आणि भरपूर वेळ गृहीत धरून. आपल्या आकड्यांवर त्या चालवून उत्तर आलं की त्याला अंदाज म्हणा, निकाल म्हणू नका. आयनांची संख्या वेळेनुसार कशी बदलते ते सोडवणारी आठ-दहा समीकरणं तुम्ही स्वतः लिहा. एम.एस्सी.च्या पोराला पंधरा दिवसांचं काम आहे, आणि मुलाखतीत तेच विचारतात.

लेसर कुठं? इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात १५० टेरावॅटचा लेसर आहे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही मोठ्या शक्तीचे आहेत. पण शक्ती आणि ऊर्जा यांत गल्लत करू नका. १५० टेरावॅट गुणिले २५ फेमटोसेकंद म्हणजे चार ज्यूलसुद्धा नाहीत, आणि आपल्याला नॅनोसेकंदभर शेकडो ज्यूल हवेत. क्ष-किरण वर्णपटमापक, निर्वात, इमेज प्लेट हे सगळं हाताखाली शिकायला मात्र अशा प्रयोगशाळेसारखी जागा नाही. उन्हाळी प्रशिक्षणाला अर्ज करा. तिथं रोटरी पंपाचं तेल बदलायला लावलं तर तोंड वाकडं करू नका. आमच्या महाविद्यालयाचा पंप गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्यानं दुरुस्त केला तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसले होते, आणि पंपाबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं त्या दुपारचं आहे.

बाहेरच्या मोठ्या लेसरवर वेळ मागायचा तर दोन पानांचा प्रस्ताव जातो. पहिल्या पानावर एक चित्र, मिलिमीटरमध्ये मापं घातलेलं. त्याखाली चार आकडे: झाय, एका अणूला फोटॉन लागायचा वेळ, स्रोताचा प्लाझ्मा पोचायचा वेळ, आणि ९२२ ला अपेक्षित शोषण किती टक्के. दुसऱ्या पानावर शॉटांची यादी, रिकाम्या सेलपासून. पाठवण्याआधी एकदा शेजारच्याला वाचायला द्या, आणि झाय काढताना घनता इलेक्ट्रॉनांची घेतलीय ना, तेवढं पुन्हा बघा.